परीक्षेची मुदत

विकत घेतलेल्या वस्तूत दोष आढळला असता ती ठेवून घ्यावी की विकणाऱ्याच्या पदरात परत घालावी, हा प्रश्न आज बहुधा एखाद्या यंत्राच्या निमित्ताने उभा राहतो. आणि एकाने वापरून टाकलेले, कारागिराने झाडूनपुसून, दोनचार भाग बदलून पुन्हा विक्रीस मांडलेले खेळांचे संगणक हे तर त्याचे अगदी ताजे उदाहरण होय. परंतु ह्या प्रश्नाचे वय यंत्रयुगाहून फार मोठे आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराची, म्हणजे न्यायासनापुढे येणाऱ्या तंट्यांची, जी अठरा पदे मानली, त्यांत ऋणादान आणि निक्षेप ह्यांच्या पंक्तीला क्रयविक्रयानुशय हे स्वतंत्र पद आहे. खरेदी किंवा विक्री पुरी झाल्यानंतर एका पक्षाच्या मनात उत्पन्न होणारा अनुताप आणि त्यातून निर्माण होणारा कलह हा त्याचा विषय. ज्या समाजाने ह्या अनुतापाला चोरी आणि मारामारी ह्यांच्याइतकेच न्यायशास्त्रात स्थान दिले, त्या समाजाच्या बाजारात फसगत किती नित्याची असेल आणि तिच्यावर तोड काढण्याची चिंता किती खरी असेल, ह्याची कल्पना त्यावरून सहज करता येते.

मनूने ह्या बाबतीत सरसकट दहा दिवसांची मुदत घातली: दहा दिवसांच्या आत घेणाऱ्याने वस्तू परत द्यावी किंवा देणाऱ्याने ती परत मागावी, दहा दिवस उलटल्यावर जो हा खटाटोप करील त्यास राजाने सहाशे पणांचा दंड करावा. हा नियम सुटसुटीत खरा, पण सुटसुटीत नियमांत जो अन्याय दडलेला असतो तो ह्यातही आहे. कारण सगळ्या वस्तूंचे दोष एकाच कालावधीत प्रकट होत नाहीत. याज्ञवल्क्याने हे ओळखले, आणि एका लहानशा श्लोकात निरनिराळ्या वस्तूंना निरनिराळी परीक्षामुदत नेमून दिली: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. ह्या आकड्यांमागे कोणताही धार्मिक संकेत शोधण्याचे कारण नाही; त्यांच्यामागे शेतकऱ्याचा, लोहाराचा आणि गवळ्याचा अनुभव उभा आहे. बी रुजते की नाही हे कळण्यास आठदहा दिवस लागतातच. लोखंडाचा भेग-पोकळपणा पहिल्याच दिवशी ऐरणीवर बोलून जातो. गाय खरोखर किती दूध देते आणि सड आखडून धरते काय, हे तीन दिवसांच्या धारांत समजते. आणि बैल चांगला दिसतो म्हणून चांगला चालतोच असे नसल्याने त्याला जुवाखाली घालून पाहण्यास थोडी अधिक सवड द्यावी लागते. त्याच श्लोकात दास आणि दासी ह्यांच्याही परीक्षेची मुदत सांगितलेली आहे, आणि ती वाचताना मान खाली जाते. माणसाला जनावराच्या ओळीत बसवणाऱ्या ह्या बाजाराची लाज शास्त्राच्या सूक्ष्मतेने झाकली जात नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवून पुढे गेले पाहिजे.

ह्या याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणी येथे, चालुक्य विक्रमादित्य सहावा राज्य करीत असताना, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्याच्या पहिल्या चरणापर्यंतच्या काळात लिहिली. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आणि पुढे अनेक शतके महाराष्ट्रातील पंडितांनी ज्या ग्रंथाच्या आधारे निवाडे दिले तो ग्रंथ असा आपल्या उंबरठ्यावरच जन्मास आलेला आहे. ह्या सर्व परंपरेचा साकल्याने धांडोळा घेण्याचे काम आमच्या काळात महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांनी केले. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा व्यवहारविषयक तिसरा खंड 1946 साली प्रसिद्ध झाला, आणि ज्यास क्रयविक्रयाच्या जुन्या कायद्यात शिरावयाचे आहे त्याला त्याच दरवाज्याने शिरणे सोयीचे आहे.

परंतु जुन्या, वापरलेल्या मालाविषयी जर कोणी खरोखर बारकाईने विचार केला असेल तर तो स्मृतिकार नारदाने. दोष नसतानाही केवळ मन पालटले म्हणून वस्तू परत करणाराला त्याने मुभा ठेवली, पण फुकट नव्हे: त्याच दिवशी, वस्तू जशीच्या तशी असताना दिली तर पूर्ण मोल परत; दुसऱ्या दिवशी मोलाचा तिसावा हिस्सा कापून; तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट कापून; आणि त्यानंतर ती वस्तू घेणाऱ्याचीच. अंगावर घालून मळवलेले वस्त्र मात्र, ते मुळात सदोष असले तरीही, विकणाऱ्याकडे परत जात नाही असे त्याने सांगितले. आणि लगेच तो धुण्याच्या हिशेबाने वस्त्राची किंमत कशी उतरते तेही देतो: एकदा धुतलेल्या वस्त्राचा आठवा हिस्सा गेला, दोनदा धुतल्यावर चौथा, तीनदा धुतल्यावर तिसरा, चारदा धुतल्यावर निम्मा; त्यापुढे क्रमाक्रमाने पाव पाव, आणि पूर्ण जीर्ण झालेल्या वस्त्राच्या झिजेला नियम नाही. वापराने वस्तूचे मोल किती घटते ह्याचा असा चोख तक्ता त्या काळी बांधला गेला, हे वाचून मला दर वेळी नव्याने आदर वाटतो. कौटिल्याने ह्याहून निराळी वाट धरली. त्याने मुदत वस्तूवर न ठरवता माणसाच्या धंद्यावर ठरवली. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. कारण व्यापारी मालाचा पारखी असतो आणि शेतकरी तसा नसतो. शिवाय जुना माल विकावयाचा तर तो आपल्याच मालकीचा आहे हे सिद्ध केल्यावाचून बाजारात मांडू देऊ नये, अशी ताकीद त्याने संस्थाध्यक्षाला, म्हणजे बाजारावरच्या अधिकाऱ्याला, दिलेली आहे. जुना माल आणि संशयित माल ह्यांची सोयरीक आजची नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

ग्रंथातले हे नियम बाजारात कितपत पाळले जात हा वाद पंडितांचा आहे. पण त्यांचा गाभा आपल्या गुरांच्या बाजारात कालपरवापर्यंत जिवंत होता असे म्हणण्यास हरकत नाही. रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरतो, विसार हातावर पडतो, त्यापूर्वी बैलाचे ओठ उचलून दात मोजले जातात, आदत आहे की दुसा, चौसा आहे की जुळलेला, ह्यावर वय ठरते. पाठीवरचे भोवरे पाहिले जातात, खुरे ठोकली जातात. हे सगळे डोळ्यांनी दिसणारे. पण बशा बैल डोळ्यांना दिसत नाही. तो तजेलदार असतो, शिंगे रंगवलेली असतात, दावणीला उभा असताना त्याच्यात काडीची खोट काढता येत नाही. औताला जुंपून चार तास टाकले, ऊन चढले, आणि जमीन कठीण लागली की तो मध्येच बसकण मारतो आणि पराणी टोचली तरी उठत नाही. म्हणून जाणता कुणबी बैल जुंपून पाहिल्यावाचून पुरे पैसे मोजत नसे, आणि जुंपून पाहण्याला नकार देणाऱ्या हेड्याकडून बैल घेत नसे.

पेठेतील व्यवहारात हीच बुद्धी जांगडीच्या रूपाने नांदत आली. लग्नसराईत शालू, पैठण्या, क्वचित दागिनेही दुकानातून जांगड म्हणून घरी आणावयाचे, वडीलधाऱ्यांना दाखवावयाचे, पसंत पडेल ते ठेवून त्याचे पैसे चुकते करावयाचे आणि उरलेले परत पाठवावयाचे, ही रीत महाराष्ट्रातील जुन्या घरांना परिचित आहे. दुकानदार जांगडवहीत नोंद करी, आणि त्या नोंदीवर सही असली की विश्वासाला दुसरा जामीन लागत नसे. मुंबईच्या हिऱ्यामोत्यांच्या बाजारात आजही लाखो रुपयांचा माल जांगडचिठ्ठीवर हातोहात फिरतो. ह्या रीतीचे मर्म असे की, परीक्षा आणि खरेदी ह्या दोन क्रिया तिने एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या ठेवल्या: माल घरात आला म्हणजे तो आपला झाला, असे दोघांपैकी कोणीच मानीत नव्हते.

युरोपात ह्या प्रश्नाचा सर्वांत सुस्पष्ट निवाडा रोमने दिला. तेथे बाजारावर देखरेख करणारे क्यूरूल ईडाइल नावाचे अधिकारी असत. गुलाम आणि जनावरे विकणाऱ्यांनी त्यांचे रोग व खोडी आधी जाहीर केल्याच पाहिजेत असा त्यांचा हुकूम होता, आणि तसे न केल्यास घेणाऱ्याच्या हाती दोन उपाय होते. सहा महिन्यांच्या आत तो सौदाच मोडून वस्तू परत करू शके. किंवा वस्तू ठेवून घेऊन, दोषामुळे तिची किंमत जितकी कमी व्हावयास हवी होती तितकी रक्कम एका वर्षाच्या आत परत मागू शके. सहाव्या शतकात जस्टिनियनने जो न्यायसंग्रह करविला त्याच्या एकविसाव्या भागाच्या आरंभी हा सगळा कायदा विस्ताराने आलेला आहे. ठेवणे आणि परतवणे ह्या दोन टोकांच्या मध्ये दाम कमी करून ठेवण्याची तिसरी वाट रोमनांनी इतक्या स्वच्छपणे आखून ठेवली, की आजही ह्याहून अधिक काही सुचवता येत नाही. मात्र वस्तूगणिक मुदत बदलण्याची याज्ञवल्क्याची दृष्टी त्यांच्या ह्या ढोबळ मुदतीत नाही.

इंग्रजांची परंपरा दीर्घकाळ ह्याच्या उलट होती. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, आणि न ठेवल्यास आपल्या कर्माला बोल लावावा, हे तिचे सूत्र. 1603 साली एका सोनाराने जहरमोहऱ्यासारखा विषहारक मानला जाणारा बेझोआर नावाचा खडा शंभर पौंडांना विकला. तो बेझोआर नव्हता. तरीही, तो बेझोआर आहे असे सोनार नुसते म्हणाला होता, तशी हमी त्याने दिली नव्हती, ह्या मुद्द्यावर घेणाऱ्याची फिर्याद फेटाळण्यात आली. विकणाऱ्याच्या शब्दाला काहीच किंमत नाही असे ठरवणारा हा निवाडा वाचून आजही विषाद वाटतो. पुढे कारखाने वाढले, बंद पेट्यांतून माल दूरदूर जाऊ लागला, घेणाऱ्याला तो उघडून पाहण्याची सोयच उरली नाही, तेव्हा न्यायाधीशांनी एकोणिसाव्या शतकात हे सूत्र हळूहळू सैल केले आणि 1893 च्या कायद्यात त्याचे अपवाद लेखनिविष्ट झाले. त्याच धर्तीवर आपल्याकडे 1872 च्या करार कायद्यातील विक्रीचे प्रकरण काढून टाकून 1930 चा मालविक्री कायदा करण्यात आला, जो आजही चालू आहे. त्याच्या सोळाव्या कलमात जुने सूत्र कायम ठेवून, विकणाऱ्याला प्रयोजन सांगितले असेल तर माल त्या प्रयोजनास योग्य असला पाहिजे आणि वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, असे अपवाद घातले आहेत. चोविसाव्या कलमात जांगडीच्याच जातीच्या व्यवहाराला मान्यता आहे. आणि बेचाळिसाव्या कलमाने असे सांगितले आहे की वाजवी मुदत उलटूनही घेणाऱ्याने नापसंती कळवली नाही तर त्याने माल स्वीकारला असे धरले जाईल.

ही वाजवी मुदत म्हणजे किती, ह्याच खडकावर अनेकांची होडी फुटली आहे. इंग्लंडात 1980 च्या दशकात एका गृहस्थाची नवी कोरी निसान मोटार घेतल्यापासून तीन आठवड्यांत, अवघी 140 मैलांच्या आसपास चालल्यावर, हमरस्त्यावर बंद पडली. गाडी सदोष होती हे न्यायालयाने मान्य केले, पण ती परत करण्याची वेळ टळून गेली आहे, आता फक्त नुकसानभरपाई मिळेल, असा निर्णय दिला. जो दोष यंत्राच्या पोटात दडला होता तो त्या गृहस्थाने तीन आठवड्यांत कसा शोधावयाचा होता, हे त्या निर्णयातून उमगत नाही. पुढे तेथे 2015 च्या कायद्याने परतीसाठी तीस दिवस निश्चित करून दिले. जुन्या मालाविषयी त्यांचा कल आणखी कडक. 1965 साली लॉर्ड डेनिंग ह्यांनी एका जुन्या जॅग्वार मोटारीच्या खटल्यात, क्लचची तक्रार आधी सांगितलेली असल्याने आणि गाडी चालण्याजोगी असल्याने, दुरुस्तीचा खर्च अपेक्षेहून अधिक आला तरी घेणाऱ्याला दाद मागता येणार नाही, असे ठरवले. हा निवाडा मला योग्य वाटतो. दोष सांगून, त्याप्रमाणे दाम ठरवून विकलेली जुनी वस्तू ही फसवणूक नव्हे.

आपल्याकडे सामान्य ग्राहकाला मालविक्री कायदा वकिलाच्या कचेरीबाहेर फारसा भेटलाच नाही. दुकानाच्या भिंतीवरची ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी हाच त्याच्या दृष्टीने कायदा होता. ती पाटी खाली उतरवण्यासाठी ज्यांनी जिवाचे रान केले त्यांत महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीचा वाटा मोठा आहे. मुंबई ग्राहक पंचायत 1975 साली स्थापन झाली, आणि 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा होण्यापूर्वी दहाबारा वर्षे मराठी मध्यमवर्गातील स्त्रीपुरुष सचोटीच्या व्यापाराचा पाठ घरोघर देत होते. जुना अथवा पुन्हा घडवलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, हे त्या कायद्याने सांगितले. आणि 2019 च्या कायद्याने तीत भर घातली की पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीही तशीच प्रथा समजली जाईल.

आता खेळांच्या संगणकाकडे वळू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा घरबसल्या मोबाइलवर अशी यंत्रे मिळतात, आणि ज्या विद्यार्थ्याला नव्याचे दाम झेपत नाहीत त्याला ती वरदानासारखी असतात. ह्या यंत्राचा प्राण म्हणजे त्याचे ग्राफिक्स कार्ड. काही वर्षे ही कार्डे आभासी चलन मिळवण्याच्या गणितासाठी रात्रंदिवस तापत ठेवली गेली. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम ह्या चलनाने आपली पद्धत बदलताच त्यांचे ते काम संपले आणि ती जगभरच्या जुन्या बाजारात लोटली. सगळीच खराब नव्हेत. पण कोणते कार्ड कोणत्या घाण्याला जुंपले होते हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. जॉर्ज अकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले की, दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात अशी स्थिती असली की चांगल्या मालाला चांगले दाम मिळत नाही, आणि अखेर चांगला मालच बाजार सोडून जातो. जुन्या संगणकांच्या बाजाराला हे तंतोतंत लागू पडते.

माझ्या एका भाच्याने असेच एक यंत्र घेतले. पहिले काही दिवस त्यावर अभ्यास झाला, चित्रपट पाहून झाले, तक्रारीला जागा नव्हती. परीक्षा संपल्यावर त्याने एक मोठा खेळ चालू केला, आणि अर्ध्या तासाने पंख्यांचा घोंघावा वाढून पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन उमटू लागले. मग पडदा काळा. विकणाऱ्याची लेखी परवानगी घेऊन त्याने ते आमच्या ओळखीच्या एका कारागिराकडे नेले. कारागिराने बाजूची पत्री काढली, कार्ड सोडवले, आणि उष्णता वाहून नेण्यासाठी चिपवर लावतात तो लेप आम्हांला दाखवला. तो वाळून खडूच्या भुकटीसारखा झाला होता, आणि स्मृतिचिपांवरच्या मऊ गाद्यांतून तेल सुटून कार्डावर पसरले होते. त्याने जुना लेप पुसला, नवा लावला, गाद्या बदलल्या. तापमान झपाट्याने उतरले, आणि क्षणभर आम्हांला वाटले की आता ठेवून घ्यावे. पण पुन्हा अर्धा तास भार दिल्यावर चौकोन परत आले. लेप, गादी, पंखा हे झिजणारे भाग. त्यांचा दोष म्हणजे वस्त्राची धुलाई, दाम कमी करून घेतले की व्यवहार सरळ होतो. स्मृतिचिपेचा दोष तसा नव्हे; तो यंत्राच्या प्रयोजनावरच घाव घालतो, आणि त्याची दुरुस्ती टिकेल अशी हमी तो प्रामाणिक कारागीरही देईना. काही रक्कम परत देतो, यंत्र तुम्हीच ठेवून घ्या, असा प्रस्ताव विकणाऱ्याने पाठवला. भाच्याला मोह झाला, कारण यंत्र हाती होते आणि पैसे परत यावयाचे होते. परंतु माझे मत स्पष्ट होते की परत करावे, आणि निर्णय होईतोवर त्यावर एकही खेळ खेळू नये, कारण दोष कळल्यावर केलेला वापर हा पुढे पसंतीचा पुरावा म्हणून पुढे येतो.

पावतीवर परतीची मुदत दहा दिवसांची होती, आणि चौकोन दिसले ते नवव्या दिवशी. परीक्षा एक आठवडा लांबली असती तर दाद मागण्याचे सर्व दरवाजे बंद झाले नसते, पण सर्वांत जवळचा बंद झाला असता. मनूची ती सरसकट मुदत अशी आजच्या पावत्यांवर पुन्हा अवतरली आहे, आणि याज्ञवल्क्याने केलेला भेद विस्मृतीत गेला आहे. कळफलकाचा दोष पहिल्या तासात दिसतो, पडद्याचा पहिल्या दिवशी. भाराखाली प्रकटणाऱ्या दोषाला मुदत दिवसांत मोजून चालणार नाही, ती भाराखाली चालवलेल्या तासांत मोजली पाहिजे, आणि हा भार मोजणारी साधने आज यंत्राच्या पोटातच आहेत. विकणाऱ्याने रक्कम परत करताना वाहतुकीचा खर्च कापून घेतला होता. मन पालटल्याबद्दलची वजावट दोषाला लावता येत नाही, असे नम्रतेने लिहून कळवल्यावर तीही परत आली.

मला काळजी वाटते ती त्या परत गेलेल्या यंत्राची. ते पुन्हा झाडूनपुसून मांडले जाणार, आणि ते एकदा कोणत्या कारणाने परत आले हे पुढच्या घेणाऱ्याला सांगणारा एक ओळीचा कागदही त्याच्याबरोबर जाणार नाही. जुन्या मालाबरोबर मालकीचा पुरावा मागण्याची तजवीज कौटिल्याने केली. आज मालकीइतकीच पूर्ववापराचीही नोंद मागितली पाहिजे. एसएसडी किती तास चालली हे ती स्वतः सांगते. कार्ड कोणत्या वर्षी कोणत्या कामाला लागले, त्याचा कोणता भाग कोणी बदलला, यंत्र किती वेळा आणि कोणत्या तक्रारीवरून परत आले, आणि ती तक्रार दूर झाली की नुसती दिसेनाशी झाली, एवढ्या चार गोष्टी विकणाऱ्याच्या सहीनिशी पावतीच्या पाठीवर लिहिणे कायद्याने बंधनकारक करण्यास कोणतीही व्यावहारिक अडचण मला दिसत नाही.